चौथी भिंत आणि दशावताराचे बाकडे

उपवासकाळ आला की आमच्या धर्मग्रामात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवले जाई. पिलात हात धुई तो घरून आणलेल्या पितळी तांब्यातल्या पाण्याने. रोमन शिपायांचे अंगरखे पूर्वाश्रमीचे खिडक्यांचे पडदे असत. पिलाताच्या वाड्यापासून कालवारीच्या टेकडीपर्यंत जायचे म्हणजे खांद्यावर क्रूस घेऊन शाळेच्या पटांगणाला एक फेरी मारायची. तांब्या कोणाच्या घरचा हे सर्वांना ठाऊक असे, आणि तो परत मिळेपर्यंत त्या घरच्या मावशींचा जीव थाऱ्यावर नसे. तरीही ती फेरी सुरू झाली की त्याच मावशी पदराने डोळे टिपताना दिसत. पटांगण म्हणजे टेकडी नव्हे हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे!

पुढे आम्ही मोठे झालो आणि दादरच्या शिवाजी मंदिरात नाटके पाहू लागलो. तिथे खरा सोफा होता, खरा टेलिफोन होता, दार उघडले की दिवाणखान्यामागे जिनाही दिसे. हेच खरे नाटक, आपले ते पोरखेळ, असे आमच्या मनाने घेतले. हा समज पुसला जायला आम्हाला छबिलदास शाळेचा जिना चढावा लागला.

वास्तववादाविरुद्ध आधुनिक रंगभूमीने जे बंड केले त्याविषयी आपल्याकडे सर्वसाधारण कल्पना अशी, की आपली जुनी रंगभूमी साधीसुधी, वास्तवाला धरून होती आणि १९६० नंतर काही शिकलेल्या मंडळींनी पॅरिस-बर्लिनहून चमत्कारिक प्रकार आणून ती बिघडवली. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. पाहुणा म्हणून आला तो वास्तववाद, आणि तोही बऱ्याच उशिरा.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीता स्वयंवर' केले आणि दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, त्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. त्या खेळांत सूत्रधार एका बाजूस उभा राहून सारी कथा गाई, विदूषक मध्येच येऊन टिंगल करी, राक्षस 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकून प्रवेश करीत. समोरचे जग खरे आहे असे भासवण्याचा आव कोणी आणीत नव्हते. तमाशाच्या फडावर राजाने दोन पावले चालून गिरकी घेतली की दरबाराचे अरण्य होई. कोकणातल्या दशावतारात तर एक लाकडी बाकडे तेवढे असे. राजा बसला की ते सिंहासन, नायिका बसली की बाग, आणि प्रवेश संपला की पुन्हा बाकडे.

आमच्या समाजाची साक्षही इथे काढावीशी वाटते. गोव्याहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कॅथलिक बांधवांनी १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' हा खेळ केला आणि कोंकणी तियात्राचा जन्म मुंबईत झाला. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये गायक पुढे येऊन कांतारां म्हणतात. कथेत मुलगी विहिरीत उडी घेण्याच्या बेतात असते आणि पडद्यापुढे गायक पुढाऱ्यांची किंवा महागाईची खिल्ली उडवीत असतो. कथेशी त्या गाण्याचा काडीचा संबंध नसतो आणि प्रेक्षकाला त्याची यत्किंचितही अडचण होत नाही. जाता जाता हेही सांगून टाकू, की याच तियात्राच्या मंचावर १९०४ मध्ये 'भाटकारा' या खेळात रेजिना फर्नांडिस यांनी स्त्रीची भूमिका केली, आणि मराठी रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचा उदयही व्हायचा होता.

आता वास्तववादाकडे वळू. युरोपात एमिल झोला यांनी १८८१ मध्ये निसर्गवादी रंगभूमीचा पुरस्कार करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वान यांनी 'तेआत्र लीब्र' सुरू केले आणि खाटकाच्या दुकानाचा देखावा दाखवताना मंचावर खरे मांस टांगून ठेवले. रंगमंच म्हणजे चौथी भिंत काढलेली खोली, नट त्या खोलीत जगतात आणि आपण त्यांना चोरून पाहतो, अशी ही कल्पना. मराठीत तिचा पहिला नेटका प्रयोग झाला तो १९३३ मध्ये मुंबईत, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने. ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले. ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, रंगवलेल्या पडद्यांऐवजी भिंतींची खोली उभी राहिली, दर चार वाक्यांमागे येणारी पदे गेली. नाट्यमन्वंतर फार काळ टिकले नाही, परंतु त्याने उभी केलेली खोली टिकली. त्या खोलीचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. लग्न, हुंडा, शिकलेल्या स्त्रीचे मन या गोष्टी घरगुती आवाजात बोलता आल्या त्या तिच्यामुळे.

गंमत अशी, की हा पाहुणा आपल्या उंबरठ्यावर पोहोचला तोवर त्याच्या माहेरी त्याच्याविरुद्ध चाळीस वर्षे भांडण चालले होते. १८९६ मध्ये आल्फ्रेद जारी यांचे 'उबू रॉय' पॅरिसला झाले. घोड्यावर बसल्याचे दाखवायला नटाच्या गळ्यात घोड्याचे पुठ्ठ्याचे मुंडके अडकवावे, सैन्य दाखवायला एकच माणूस पुरे, स्थळ बदलले की पाटी लावावी, अशा जारी यांच्या सूचना होत्या. पॅरिसमध्ये दंगल झाली. आपल्या दशावताऱ्याला या सूचना कोणी वाचून दाखवल्या असत्या, तर यात भांडण्यासारखे काय आहे असे त्याने विचारले असते. पॉल क्लोदेल या कॅथलिक कवीने 'साटिनचा जोडा' या विशाल नाटकात चक्क एक उद्‌घोषक उभा केला, जो प्रेक्षकांना स्थळकाळ सांगतो. तो म्हणजे आपला सूत्रधारच. आणि बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९३५ मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहिला आणि नटाने भूमिकेत विरघळून न जाता ती बाहेरून दाखवावी या आपल्या विचाराला त्यातून बळ मिळवले. तेव्हा जर्मनीहून जे आपल्याकडे आले त्यातला काही भाग आशियातूनच तिकडे गेलेला होता.

विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृतींनी १९६० मध्ये मुंबईत 'रंगायन' सुरू केले, ते या सर्व भांडणाची वार्ता ठेवून. दिवाणखान्याची नाटके तोवर शिळी झाली होती. सोफा तोच, नोकर तोच, तिसऱ्या अंकातला समेटही तोच. रंगायनने वर्गणीदार सभासद केले, म्हणजे तिकीटविक्रीची धास्ती कमी झाली, आणि मग आयनेस्को यांचे 'खुर्च्या' मराठीत झाले. एक म्हातारा आणि एक म्हातारी अदृश्य पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडीत राहतात, मांडीत राहतात, आणि शेवटी रिकाम्या खुर्च्यांनी मंच भरून जातो. १९६६ मध्ये चिं. त्र्यं. खानोलकर यांचे 'एक शून्य बाजीराव' आले. या प्रकाराला कोणी न-नाट्य म्हणाले, कोणी असंगत नाट्य म्हणाले. काहींनी डोके दुखते एवढेच म्हटले. परंतु खानोलकर कुडाळकडचे. त्यांच्या कानात पॅरिसचे कॅफे नव्हते, कोकणातला मृदंग होता. बाजीरावाच्या विक्षिप्त खेळात विदूषक, कीर्तन आणि दशावतार यांची सरमिसळ आहे. समीक्षकांनी त्याला बेकेटच्या पंक्तीला बसवले. बाकड्याच्या पंक्तीला बसवले असते तरी चालले असते.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे तेंडुलकरांचे नाटक रंगायनने डिसेंबर १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेत केले. दिसायला ते वास्तववादी आहे, पण त्याच्या पोटात एक खेळ आहे. हौशी नटांची टोळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला चालवते, लुटुपुटूची आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभे करते, आणि खेळाचा खटला खरा होऊन तिच्या अंगावर येतो. ही भूमिका केली सुलभा देशपांडे यांनी. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या.

रंगायनात पुढे मतभेद झाले. ते कोणामुळे झाले याची चर्चा पुष्कळ झाली आहे; तिच्यात भर घालण्याची आम्हाला हौस नाही. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदी मंडळींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढली आणि गिरीश कार्नाड यांच्या 'तुघलक'ने तिची सुरुवात केली. मग १९७४ मध्ये छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले.

या सभागृहाचे वर्णन करायचे तर जे नव्हते त्याचेच करावे लागेल. फिरता रंगमंच नव्हता, वातानुकूलन नव्हते, नाट्यगृहाचा मखमली पडदा नव्हता. दिवसा तिथे शाळेचे वातावरण आणि संध्याकाळी खाली दादर स्टेशनाबाहेरचा बाजार. भाजीवाल्यांचा पुकारा आणि लोकलची धडधड प्रयोगात विनामूल्य सामील होत. अशा जागी दिवाणखाना उभा करणे परवडतही नव्हते आणि शोभतही नव्हते. त्यामुळे एखादी चौरंगासारखी पातळी, चार ठोकळे, दोन दिवे आणि नटाचे शरीर यांवर भागवावे लागे. सिद्धान्ताने जे सांगितले असते ते गरिबीने आधीच करवून घेतले होते. तत्त्वज्ञानाला भाड्याच्या पावतीचा आधार किती असतो, हे रंगभूमीच्या इतिहासकारांनी एकदा तपासायला हवे.

ताडदेवच्या वालचंद टेरेसवर आधी घडलेले सत्यदेव दुबे इथे आले, अमोल पालेकर आले. अच्युत वझे यांची 'षड्ज' आणि 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' यांसारखी नाटके याच चळवळीतली. पुण्याच्या थिएटर अकादमीने सतीश आळेकरांचे १९७४ चे 'महानिर्वाण' आणले. त्यात भाऊराव मेले आहेत आणि स्वतःच्या मरणाचे कीर्तन स्वतः करीत आहेत. त्यांना जुन्याच स्मशानात जळायचे आहे आणि नेमके तेच बंद झाले आहे. प्रेत म्हणून पडलेला माणूस उठून झांजा घेतो आणि आपण खळखळून हसतो. ते हसू घरी जाईपर्यंत घशात अडकते, कारण मेलेल्यापेक्षा जिवंत नातेवाइकांचीच सोय तिथे उघडी पडलेली असते. वास्तववादी खोलीत हे कसे मावले असते? आणि कीर्तन तर कुठल्या परदेशी मासिकातून घ्यावे लागले नव्हते. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नटांच्या रांगेचाच पडदा झाला होता, तोही खेळे आणि दशावतार यांच्या कुळातला. विजयाबाईंनी जर्मनीच्या फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासह ब्रेख्तचे खडूचे वर्तुळ मराठीत आणले, तेव्हा रूपांतराला खानोलकरच लागले. 'अजब न्याय वर्तुळाचा' या नावाने ते झाले आणि ब्रेख्त आपल्या मातीत घरी आल्यासारखा वागला.

इथे एक आठवण आम्हाला गप्प बसू देत नाही. याच वर्षांच्या आगेमागे, द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, आमच्या देवळांत धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मिस्सा मायबोलीत होऊ लागली. छबिलदासपासून काही मिनिटांच्या अंतरावर पोर्तुगीज चर्चची नवी वास्तू चार्ल्स कोरिया यांनी उभी केली, ती १९७७ मध्ये पुरी झाली. जुन्या लोकांना ती चर्चसारखी वाटेना. नाटकाच्या बाबतीतही तेव्हा हेच वाक्य ऐकू येई: हे नाटकासारखे वाटत नाही.

येथवर आमचा लेख कौतुकाचा झाला. पण दादरहून दक्षिणेला दोन-तीन किलोमीटर चालले की परळ आणि लालबाग लागते, आणि तिथे आमची अडचण सुरू होते.

छबिलदासमध्ये वास्तववाद मोडण्याची चर्चा चालू होती तेव्हा गिरणगावात तो मोडावाच लागत नव्हता, कारण तिथल्या खेळांनी तो कधी मनावर घेतला नव्हता. सोशल सर्व्हिस लीगच्या परळच्या दामोदर नाट्यगृहात १९२२ पासून कामगारांची नाटके होत. रत्नागिरीकडच्या मंडळींचे नमन आणि जाखडी होई. नमनात संकासुर काळ्या वेषात येऊन थट्टा करी आणि पहिल्या पाळीवरून थेट आलेला साचेवाला हसून लोळे. हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. आणि या साऱ्यांत, आमच्या मते, सर्वांत धीट प्रयोग झाला तो १९४४ मध्ये स्थापन झालेल्या 'लाल बावटा कलापथका'चा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे तिघे तिचे आधारस्तंभ. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला, गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले, गौळण बाजूला ठेवली आणि वगात शेटजी, पुढारी, सावकार यांना उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' हे वग मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या फाटकाबाहेर कुठेही होत. गोष्ट मध्येच थांबायची, शाहीर पुढे येऊन गाण्यातून हिशेब विचारायचा, आणि गोष्ट पुन्हा चालू व्हायची. ब्रेख्त यांना जे हवे होते ते हेच. अण्णाभाऊंनी ब्रेख्त वाचला होता का, हा प्रश्न आम्हाला अनाठायी वाटतो. त्यांनी फडावरचे सोंगाडे पाहिले होते.

म्हणजे एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, वास्तवविरोधी रंगभूमी दोन होत्या. एकीकडे सिद्धान्त होता, परिसंवाद होते, वर्तमानपत्रांत परीक्षणे येत होती. दुसरीकडे हजारोंचा प्रेक्षक होता आणि त्या कलेला लोकनाट्य म्हणून बाजूच्या पाटावर बसवले गेले. दोघींचे माहेर एकच, पुष्कळदा तर जिल्हाही एक. खानोलकरांचे बाकडे आणि परळच्या दशावताराचे बाकडे एकाच सुताराचे होते. पण छबिलदासच्या खुर्चीवर गिरणी कामगार क्वचितच बसला, आणि छबिलदासचा प्रेक्षक दामोदरला जाखडी पाहायला गेल्याचे आम्हाला फारसे स्मरत नाही. आम्ही स्वतःही गेलो नव्हतो, हे कबूल केले पाहिजे.

पूल बांधण्याची खटपट झालीच नाही असे नाही. बादल सरकार यांनी कलकत्त्यात प्रेक्षक आणि नट यांच्यातली भिंत, मंच, तिकीट सारेच टाकून देणारी 'तिसरी रंगभूमी' मांडली. अमोल पालेकर यांनी त्यांचे 'जुलूस' मराठीत केले, त्यात नट प्रेक्षकांच्या मधूनच मिरवणुकीसारखे फिरत. मिरवणूक उत्तम होती. मात्र ती सभागृहाच्या चार भिंतींत निघाली होती आणि खऱ्या मिरवणुका लालबागच्या रस्त्यावर निघत होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंड पडत गेल्या. पुष्कळांनी कोकणची वाट धरली, फडांचा प्रेक्षक पांगला. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. १९९२ च्या सुमारास छबिलदासचे पर्वही संपले आणि आविष्कारने माहीमच्या पालिका शाळेत बिऱ्हाड हलवले. दामोदर नाट्यगृह तग धरून होते. तेही २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींना निषेध नोंदवावा लागला.

आणि संपाचे नाटक? ते आले १९९७ मध्ये. गिरणगावाची नस ठाऊक असलेल्या जयंत पवार यांनी 'अधांतर' लिहिले. आमच्यासारख्यांची अपेक्षा अशी, की एवढ्या मोठ्या कोसळण्याला कीर्तन लागेल, वग लागेल, निदान नटांचा पडदा तरी लागेल. पवारांनी घेतली ती चाळीतली एक खोली. मोरी, मांडणी, गाद्यांची वळकटी, आई आणि तिची मुले. तीन भिंती आणि चौथी काढलेली. मंगेश कदम यांनी बसवलेले ते नाटक पाहताना ज्या वास्तववादाला आम्ही कधीचे निवृत्त केले होते तो इतक्या ताकदीने उभा राहिला, की आमचे सारे विवेचन क्षणभर लटके पडले. दिवाणखाना शिळा झाला होता, खोली झाली नव्हती. ती खोली तोवर मराठी नाटकाने नीट पाहिलीच नव्हती.

त्या प्रयोगाला आमच्यासोबत एक वयस्क गृहस्थ होते. तीस वर्षे साच्यावर उभे राहिलेले, तरुणपणी गावच्या नमनात संकासुराचे सोंग घेणारे. पहिल्या अंकभर ते हलले नाहीत. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "खोली आमचीच आहे हो, मांडणीसुद्धा आमचीच. पण गिरणी कुठं आहे?"

ती पडद्यामागे आहे, असे काहीसे आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि, आमच्या नमनात असती तर चार जण हात धरून उभे राहिले असते, एक जण भोंगा झाला असता, असे पुटपुटत हाताने हवेत एक गोल काढला. काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना. तेवढ्यात घंटा झाली, आम्ही कप ठेवले आणि आत जाऊन बसलो.